कुत्रा लहान होत जातो

“हे पहिलं,” भालचंद्र गुप्ते म्हणाले आणि त्यांनी छत्रीचं टोक डावीकडच्या तसबिरीवर टेकवलं. “नवीन लग्न झालेलं. बघा, तोंडं कशी आहेत.”

तोंडं दिसत नव्हती. चित्रातला जाडजूड टकलू साहेब एका खिडकीतून बाहेर बघत होता, त्याची मडम दुसऱ्या खिडकीतून. मधे जाजमावर एक म्हातारा कुत्रा बसला होता. आमच्याकडे बघणारा तेवढा तोच.

मी रोह्याला मुलगी बघायला गेलो होतो. बरोबर दिनकरमामा होते. ते पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते आणि कुठलीही गोष्ट रांगेत लावलेली नसली की त्यांना तहान लागायची. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं, बशीत पापुद्रे सुटलेले खाजाचे कानवले होते, आणि मुलगी अजून बाहेर आली नव्हती. आधी चित्रं, मग मुलगी, असा त्या घरचा क्रम होता.

“हे दुसरं. भांडण,” मुलीचे वडील भालचंद्र, म्हणजे अण्णा, पुढे सरकले. मडमेने सूपाचं भांडं फेकलं होतं आणि ते साहेबाच्या टकलाच्या दिशेने निघालं होतं. तिसऱ्यात साहेब वर्तमानपत्रामागे आणि मडम जांभई देताना. चौथ्यात तो तिला चमच्याने भरवत होता. पाचव्यात दोघं फुलं लावलेल्या बग्गीत, तिच्या डोक्यावर पांढरी जाळी, मागे चर्च. सहाव्यात बाग, तो गुडघ्यावर, तिच्या हातात गुलाब.

“पाचव्यात लग्न आहे,” मी म्हटलं.

“साठीशांत,” अण्णा म्हणाले. “साठ पूर्ण झाली की नवराबायकोला पुन्हा हार घालायला लावतात की नाही? त्यांच्यातही असणार.”

“आणि केस? पहिल्या चित्रात एकही नाही. शेवटी कुरळे आहेत.”

“सुखाने येतात,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. तिथे अजून आलेले नव्हते.

“कुत्रा?”

“कुत्र्याचं काय?”

“लहान होत जातो. शेवटी पिल्लू आहे.”

“तो वारला. हे दुसरं.”

“ठिपका त्याच डोळ्यावर आहे.”

“जात एक आहे,” अण्णा म्हणाले, आणि इतक्या शांतपणे म्हणाले की मला त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला.

चित्रं अण्णांच्या वडिलांनी, आबांनी आणलेली. आबा घाटावरच्या एका शिळाछापखान्यात देवांच्या तसबिरींखालची अक्षरं काढायचे. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. आबांनी उभं आयुष्य उलटी अक्षरं काढण्यात घालवलं. छापखान्यात पूर्वी एक जर्मन मिस्त्री होता, त्याच्या खोलीत ही गेल्या शतकातली चित्रं टांगलेली असायची. छापखाना बंद झाला तेव्हा आबांनी ती घरी आणली. प्रत्येक चित्राखाली जर्मन भाषेत एकेक ओळ होती आणि ती रोह्यात कुणालाही वाचता येत नव्हती. पुढच्या महिन्यात अण्णांची साठीशांत होती. पाहुण्यांना कळावं म्हणून त्या ओळी मराठीत लिहून चित्रांखाली लावायचं ठरलं होतं.

मी पुण्यात जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. फ्रेंचचा वर्ग भरला होता म्हणून. मामांनी हे फोनवर सांगून टाकलं होतं, आणि वर “मुलगा सगळं वाचून देईल” असंही.

मी पहिल्या चित्राखालची ओळ वाचली. तिचा अर्थ असा होता: ‘अखेर शांतता. दोघांना वेगवेगळी.’

मग मी सहाव्यापर्यंत नजर फिरवून आलो. ही चेष्टेची चित्रं होती. तिकडच्या कुणा खवचट चित्रकाराने लग्नाचं वाटोळं कसं होतं ते सहा पायऱ्यांत दाखवलं होतं: बाग, बग्गी, चमचा, वर्तमानपत्र, सूप, खिडक्या. आणि गुप्त्यांच्या भिंतीवर ती उलटी लागली होती. त्यामुळे साहेब आणि मडम खिडक्यांपासून सुरू होऊन गुलाबापर्यंत पोहोचत होते आणि घरातली माणसं त्यांच्याकडे बघून सुखात होती.

मला अशा वेळी हसू येतं. आलं की मी नाक शिंकरतो. मी नाक शिंकरलं.

“सर्दी झालीय का?” आतून आवाज आला. “या, गरम पाणी देते.”

स्वयंपाकघरात माई, म्हणजे अण्णांच्या बायको, स्टोव्हपाशी उभ्या होत्या. त्यांनी पाणी दिलं नाही. दार लोटून घेतलं.

“वाचलंत?”

“थोडं.”

“उलटी आहेत, ना?”

भावी सासूला पहिल्याच भेटीत काय सांगावं हे कुठल्याच परीक्षेत नव्हतं.

“मला माहीत आहे,” माई म्हणाल्या. “मीच लावली उलटी. यांना नाही माहीत. लग्न झालं तेव्हा हे मुंबईला औषधांच्या दुकानात. शनिवारी यायचे, रविवारी जायचे. आले की आमचं भांडण, गेले की मी आणि आबा. आबा तर बोलायचेच नाहीत. त्यात एके सोमवारी ती चित्रं आणून टांगली. तेव्हा नीट होती. बागेपासून सुरू. मी रोज केर काढताना बघायची. बाग, बग्गी, आणि मग एकेक करत शेवटी खिडकी. आमची तर बाग झालीच नव्हती, थेट सूप. म्हटलं, आपलं पुढे काय होणार ते यांनी भिंतीवरच लावून ठेवलंय. माहेरी जायची पिशवी तर आधीच भरलेली होती.”

“मग?”

“मग आबा नदीवर गेले होते तेव्हा स्टूल घेतलं आणि उलट्या क्रमाने लावली. कोपऱ्यात आकडे होते एक ते सहा. तसले रोमन, शाळेत शिकलेले. त्यांच्यावर काचेला मेण लावून कुंकवाचा टिळा लावला. तसबिरीला कुंकू लावलं तर कोण विचारतं?”

“आबांनी विचारलं नाही?”

“आले, पाय धुतले, भिंतीकडे बघितलं. म्हणाले, चहात आलं घाल. एवढंच. दोन दिवसांनी मात्र सगळ्या तसबिरी उतरवून पडवीत घेऊन बसले. वाळवी लागेल, मागचे पुठ्ठे बदलतो म्हणाले. म्हटलं, आता परत बागेपासून लावणार. पण परत टांगल्या त्या मी लावल्या होत्या तशाच.” त्यांनी माझ्या हातात एक कानवला ठेवला. “हेमांगराव, यांनी हौसेने वाचायला घेतलंय. मी नको म्हटलं असतं तर संशय आला असता. आयुष्यभर त्या चित्रांकडे बघून हे माझ्याशी नीट वागत आलेत. साठीला त्यांना कळायला नको.”

मी कानवला घेऊन बाहेर आलो. अण्णा दारातच उभे होते. “चला, विहीर दाखवतो,” ते म्हणाले.

विहिरीत बघण्यासारखं काही नव्हतं. अण्णांनीही बघितलं नाही.

“तुम्ही हुशार आहात. कुत्रा तुमच्या लक्षात आला,” ते म्हणाले. “चित्रं उलटी आहेत.”

मी कानवला तोंडात घातला. खाजाचा कानवला तोंडात असताना बोलता येत नाही, ही त्याची फार मोठी सोय आहे.

“आबांची चूक. जन्मभर उजवीकडून डावीकडे काम केलेला माणूस, टांगतानाही सवयीने उजवीकडून सुरुवात केली. मला कळलं ते फार नंतर. पण तोवर माई त्या चित्रांवर विसंबून राहायला लागली होती. लग्नानंतर ती जायला निघाली होती, तुम्हाला सांगतो. मी एका शनिवारी आलो तर पिशवी भरलेली. म्हटलं, संपलं. पुढच्या शनिवारी आलो तर पिशवी रिकामी आणि भिंतीवर ही चित्रं. मला म्हणाली, हे बघा, यांचंही आधी असंच होतं.” अण्णा थोडा वेळ रहाटाशी खेळले. “मी मुंबईची नोकरी सोडली ती त्यानंतर. इथेच दुकान टाकलं. कोपऱ्यात आकडे असावेत. तिने पूजेत कुंकू लावलं होतं ते एका उन्हाळ्यात वितळायला लागलं, खाली काळी रेघ दिसली. मी दुकानातली चिकटपट्टी आणून चिकटवली.”

“आकडे बघितलेत?”

“छे! बघितलं असतं तर माहीत झालं असतं,” अण्णा म्हणाले. “वाचून घ्या असं तिच्याच मनात आहे. मी नाही म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, काहीतरी आहे. तेव्हा तुम्ही जरा… सांभाळून वाचा.”

“सांभाळून म्हणजे?”

“म्हणजे खोटं,” अण्णा म्हणाले. ते गावातले सगळ्यात सरळ माणूस म्हणून प्रसिद्ध होते.

शेवटी मुलगी बाहेर आली. उत्तरा. तिने ट्रे ठेवला, मामांना नमस्कार केला, आणि वडीलधाऱ्यांनी “तुम्ही दोघं बोला जरा” म्हणून आम्हाला मागच्या पायरीवर पाठवलं. ती शाळेत गणित शिकवत होती. मी काय काय विचारायचं ते घरून पाठ करून आलो होतो.

“कुत्र्याबद्दल बोलू नका,” तीच आधी म्हणाली.

“तुम्हालाही?”

“मी तिसरीत होते. कुत्री लहान होत नाहीत हे तिसरीत कळतं. कोपऱ्यात पट्ट्या होत्या, काच तडकली असेल म्हणून लावलेल्या. त्या सुटायला लागल्या तर मी वह्यांची लेबलं चिकटवली. खाली काय आहे ते बघितलं नाही.”

“का?”

“आमच्याकडे बघत नाहीत.” ती हसली. डावा गाल थोडा जास्त हसला. मी तिथेच संपलो, हे मला नंतर मामांनी सांगितलं; त्यांना म्हणे ओसरीवरून दिसलं. “अण्णा-माईंना यातलं काही माहीत नाही. ते त्या चित्रांवर जगतात. म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही खरं वाचलंत तर मी तुमच्याशी लग्न करणार नाही.”

“आणि खोटं वाचलं तर?”

तिने विचार केला. “पहिल्याच दिवशी इतकं सराईत खोटं बोलणाऱ्याशी तरी कसं करू?”

“मग मी काय करू?”

“ते तुमचं तुम्ही बघा. जर्मन तुम्हाला येतं.”

मी बाहेर आलो. सगळे खुर्च्या भिंतीकडे वळवून बसले होते. अण्णांनी छत्री माझ्या हातात दिली. तीन माणसं माझ्याकडे बघत होती, प्रत्येकाला वाटत होतं की आपण आणि हा, दोघांनाच माहीत आहे. चौथे मामा. त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि त्यांनी दोन तांबे पाणी संपवलं होतं. ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

“पहिलं,” मी म्हटलं. खिडक्या. ‘अखेर शांतता. दोघांना वेगवेगळी.’ “लिहिलंय… ‘दोन खिडक्या, पण रस्ता एकच.’”

“वा!” अण्णा म्हणाले.

“दुसरं.” सूप. खरी ओळ होती, ‘आज जेवण जरा लवकर आलं.’ “‘रागसुद्धा आपल्याच माणसावर येतो.’”

माईंनी पदर डोळ्याला लावला. सगळं ठाऊक असलेली बाई माझ्या थापेवर मनापासून रडत होती. खोटं बोलताना मला इतका मान कधीच मिळाला नव्हता.

“तिसरं,” मी म्हटलं.

“थांब,” मामा म्हणाले.

ते उठले, भिंतीपाशी गेले, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत चालत आले आणि परत गेले. स्टँडवर ते असेच चालायचे.

“हेमू, ह्याचे केस परत कसे आले?”

“सुखाने,” अण्णा, माई आणि उत्तरा एकदम म्हणाले.

“आणि ही बग्गी! लग्न पाचव्या नंबरला? अहो, ही गाडी उलटी लागलीय!” मामांचा चेहरा उजळला. “कुठेतरी नंबर असणार. नंबर असल्याशिवाय गाडी नसते.” आणि त्यांनी तिसऱ्या तसबिरीच्या कोपऱ्यातल्या लेबलाखाली नख घातलं.

“मामा, कानवला घ्या,” माई म्हणाल्या.

“दिनकरराव, विहीर बघितलीत का?” अण्णा म्हणाले.

लेबल निघालं. ‘नाव, इयत्ता, विषय’ छापलेलं, कोरं. अण्णांनी चमकून उत्तराकडे बघितलं. लेबलाखाली चिकटपट्टी, पिवळी पडलेली. माईंनी अण्णांकडे बघितलं. मामा तिघांनाही बघत नव्हते. ते कामात होते. पट्टीबरोबर लाल मेणाचा गोळा काचेवरून सुटून आला, आणि आता उत्तरा आणि अण्णा, दोघंही माईंकडे बघत होते.

मी छत्री धरून उभा होतो. इथे चार असणार. चार दिसले की मामा म्हणणार, बघा, मी म्हटलं नव्हतं! मग पाचवं, सहावं, सगळं खरडलं जाणार, आणि इतकी वर्षं एकमेकांपासून जपलेलं त्या तिघांचं घर एका एसटी कंट्रोलरच्या नखाने उघडं पडणार. माझं लग्न तर त्याआधीच मोडलेलं असणार.

मामांनी चष्मा वर केला. वाकले. नाक काचेला लावलं.

“तीन,” ते म्हणाले.

मी छत्री खाली टेकवली.

“तीनच आहे. बरोबर आहे की!” मामा इतके हिरमुसले की मला वाईट वाटलं. त्यांनी दुसऱ्याचं लेबल काढलं, पट्टी काढली, मेण काढलं. “दोन.” पहिल्याचं. “एक. च्यायला, गाडी टाइमात आहे.”

“इथे तीन नव्हतं,” माई हळूच म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. “मी झाकलं तेव्हा चार होते. मी बघितलं होतं.”

आता मी वाकलो. तीन काड्या होत्या, काळ्याभोर, छापल्यासारख्या. पण शेवटच्या दोन काड्यांखालचा कागद किंचित खरवडलेला होता, आणि त्या दोघींचे पाय खाली येताना डावीकडे वळले होते.

अण्णांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“आबांचा हात,” ते म्हणाले. “उलटं काढून काढून त्यांची काडी अशीच वळायची. माझ्या पाटीवरही अशीच काढून द्यायचे.”

“पुठ्ठे बदलतो म्हणाले होते,” माई म्हणाल्या. “वाळवी लागेल म्हणाले.”

“कधी?”

“तुम्ही शनिवारी यायच्या आधी.”

“म्हणजे आबांनी सवयीने उलटी नव्हती लावली?”

“नाही. मी लावली.”

अण्णा खाली बसले. बोलायचेच नाहीत असे ते आबा. सुनेने भिंत उलटी केलेली पाहून त्यांनी चहात आलं मागितलं होतं. मग पडवीत बसून, ज्या हाताने देवांच्या तसबिरींखाली अक्षरं काढली त्याच हाताने, सहाही आकडे खरवडून बदलले होते. कुंकू कधी पुसलं गेलं तर ती पकडली जाऊ नये म्हणून. आणि तिलाही सांगितलं नाही. त्यानंतर या घरातली तीन माणसं मेण, पट्ट्या आणि लेबलं लावून ते आकडे लपवत राहिली होती. लपवण्यासारखं तिथे काहीच उरलं नव्हतं.

“सुनबाई म्हणून हाक मारायचे फक्त,” माई म्हणाल्या. “मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही.”

त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी घेऊन आल्या. अण्णा उठले, स्टूल आणलं आणि धरून उभे राहिले.

“आता कशाला झाकायचं?” मामा म्हणाले. “नंबर बरोबर आहेत.”

“बरोबर आहेत म्हणून काय उघडे ठेवायचे?” माई म्हणाल्या आणि त्यांनी मेणावर टिळा लावला. पहिल्या चित्राला, दुसऱ्या, तिसऱ्या. अण्णा स्टुलाबरोबर सरकत होते. एकदा त्यांनी स्टूल सोडून नुसता तिचा हात धरला आणि लगेच परत स्टूल धरलं, पाहुणे बसले आहेत म्हणून.

“वाच रे पुढे,” मामा म्हणाले. “तीन नंबर राहिलाय.”

मी वाचलं. वर्तमानपत्राला काहीतरी गोड म्हटलं, चमच्याला काहीतरी गोड म्हटलं, साठीशांतीची बग्गी तर आपोआपच गोड होती. तिघांनाही आता पक्कं ठाऊक होतं की मी थापा मारतोय, आणि तिघंही पुढच्या थापेकडे कान लावून बसली होती. मग मी सहाव्यापाशी आलो. बाग, गुलाब, पिल्लू. खाली एकच शब्द होता. मी तो दोनदा वाचला.

“काय लिहिलंय?” उत्तराने विचारलं.

“सुरुवात,” मी म्हटलं.

“खरं?”

“हे खरं.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग परत माझ्याकडे. डावा गाल आधी हसला.

“मुलगी पसंत आहे का, ते विचारायचं राहिलं,” अण्णा म्हणाले.

“तिला विचारा,” मामा म्हणाले. “आमच्या मुलाची गाडी मघाशी पायरीवरूनच सुटली.”

साठीशांतीला आलेल्या पाहुण्यांनी चित्रांखालच्या ओळी वाचून फार कौतुक केलं. हल्ली ती चित्रं आमच्या घरी आहेत, त्याच क्रमाने. दर दसऱ्याला उत्तरा त्यांना कुंकू लावते आणि मी स्टूल धरतो. आमचंही सूप होतं, वर्तमानपत्रही होतं; झालं की दोघांपैकी एक जण भिंतीपाशी जाऊन कुत्र्याकडे बघतो. आणि जर्मन येणारे कुणी पाहुणे आले, तर आम्ही त्यांना गच्चीत बसवतो.